ओमो खोऱ्यातला फोटो दौरा: मुर्सी गावातला वाद, त्यातले निर्णय आणि पुढे काय झालं

पार्श्वभूमी

२०२३ साली दक्षिण इथिओपियातल्या ओमो खोऱ्यात हौशी फोटोग्राफर मंडळींचा सात जणांचा एक ग्रुप गेला होता, कोणी पुण्याचं, कोणी नाशिकचं, दोघं सांगलीकडचे. मी त्यात होते आणि सामायिक खर्चाची वही माझ्याकडे होती, त्यामुळे कुठे किती बिर्र (इथिओपियाचं चलन) गेले आणि कोणाच्या हातात गेले हे मला नीट माहीत आहे. टूर कंपनी, गाईड, गाव, ग्रुपमधली माणसं यातल्या कोणाचंच नाव देत नाहीये. पण घडलं ते जसंच्या तसं लिहितेय, कारण माझ्या ओळखीतले बरेच जण आता तिकडे जायचं म्हणतात, मुंबईहून आदिस अबाबाला थेट विमान आहे, आणि निघण्याआधीची सगळी चर्चा लेन्स कुठली न्यायची आणि ड्रोन चालतो का याच्यावरच होते.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या, ते कार्ड परत येताना भारतात दाखवावं लागतं नाहीतर क्वारंटाईनमध्ये बसावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. व्हिसा ऑनलाईन होतो. बाकी आदिसहून जिन्काला विमान, जिन्का हे दक्षिण ओमोचं मुख्य गाव, तिथून पुढे लँड क्रूझर.

ओमो नदी इथिओपियाच्या उंच भागातून निघून केनियाच्या सीमेजवळ तुर्काना तलावाला मिळते. खालच्या ओमो खोऱ्याला युनेस्कोने १९८० साली जागतिक वारसा जाहीर केलं ते तिथे सापडलेल्या प्राचीन मानवी जीवाश्मांमुळे, पण कॅमेरेवाले जातात ते मुर्सी, हामेर, कारो, दासानेच या लोकांना भेटायला. मुर्सी लोक फार थोडे आहेत, २००७ च्या जनगणनेत साडेसात हजाराच्या आसपास. त्यांची भाषा नायलो-सहारन कुळातली आणि शेजारच्या हामेरांची ओमोटिक, दोन्ही एकमेकांना अजिबात न कळणाऱ्या. याचा अर्थ असा की आदिसहून आलेला आमचा गाईड अम्हारिक बोलणार, मग स्थानिक गाईड त्याचं मुर्सीत सांगणार आणि उत्तर त्याच वाटेने परत येणार. भांडण सुरू झाल्यावर ही साखळी किती हळू चालते ते नंतर कळलं.

आणखी एक गोष्ट जाण्याआधी सगळ्यांनी वाचायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे नदीचं काय झालं. ओमोला दरवर्षी पूर यायचा, पूर ओसरला की काठच्या ओल्या गाळात ज्वारी पेरायची, मुर्सींचं आणि खालच्या बऱ्याच लोकांचं पोट त्याच्यावर. वरच्या अंगाला गिबे-३ धरण झालं, १८७० मेगावॉटचं, २०१५ ला पाणी साठवायला सुरुवात झाली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन. तेव्हापासून तो पूर पहिल्यासारखा येत नाही. खोऱ्यातली बरीच जमीन सरकारच्या ऊस प्रकल्पाकडे गेली, काही आधीच नॅशनल पार्कात होती. गुरं चारायला जागा कमी, ज्वारी कमी, मग धान्य विकत घ्यायचं तर रोख पैसा हवा, आणि रोख पैसा देणारं जे थोडंफार दारात येतं त्यात पर्यटकांच्या गाड्या आहेत. हे डोक्यात ठेवलं नाही तर पुढचं सगळं "लोभी झालेत हो हे लोक" एवढ्यावर संपतं, आणि आमच्यातल्या एक-दोघांचं ते तसं संपायच्या बेतात होतं.

प्रश्न नेमका काय होता

गावात शिरायची फी, स्थानिक गाईडची फी, मागो नॅशनल पार्कमधून जाताना सोबत घ्यावा लागणारा बंदूकधारी स्काऊट, हे सगळं टूर कंपनीने पॅकेजमध्ये धरलं होतं. फोटोचे पैसे मात्र पॅकेजबाहेर. आम्हाला जिन्कात सांगितलेला दर होता फोटोतल्या दर माणसाला दर फोटोमागे दहा बिर्र. तेव्हा एक बिर्र म्हणजे साधारण दीड रुपया, म्हणजे फोटोला पंधरा रुपये. रक्कम कोणालाच जड नव्हती. अडचण होती त्या पद्धतीत.

कशी ते सांगते. दर क्लिकला पैसे आणि कोणाचा फोटो काढायचा हे ठरवणार फोटोग्राफर. चाळीस-पन्नास माणसं समोर उभी, त्यातली पाच-सहाच निवडली जाणार, बाकीच्यांना त्या दिवशी काही नाही. मग जी जास्त वेगळी दिसेल तिच्याकडे कॅमेरा वळणार हे उघड आहे. त्यामुळे मुर्सी बायका गाड्या येण्याच्या वेळी डोक्यावर गुरांची शिंगं बांधतात, रानडुकराचे सुळे, फळांचे घोस, भोपळे, मिळेल ते चढवतात. रोजच्या आयुष्यात असं कोणी नटत नाही. ओठातली मातीची चकतीसुद्धा त्या दिवसभर घालून बसत नाहीत, मुलगी पंधरा-सोळाची झाली की खालचा ओठ टोचतात, मग काही महिन्यांत तो हळूहळू मोठा करत नेतात, आणि चकती घालायची ती नवऱ्याला जेवण वाढताना, दूध काढताना, लग्नाला किंवा काठ्यांच्या लढतीच्या सोहळ्याला. सगळ्याच मुली ओठ टोचून घेतात असंही नाही. पण गाडी दिसली की चकती बाहेर येते कारण फोटो तिचाच निघतो. आणि मग आपलेच फोटोग्राफर परत येऊन म्हणतात की काही खरं राहिलं नाहीये, सगळं दिखाऊ झालंय. अहो पण दिखाऊ कोणासाठी झालं! पुण्यात स्टुडिओत मॉडेलला तासाचे पैसे देतोच ना आपण, तेव्हा ती कमर्शियल झाली म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. जिन्कात मुक्काम करणाऱ्या सगळ्या गाड्या सकाळीच निघतात आणि साधारण एकाच सुमारास गावांत पोचतात, दीड-दोन तासांत परत. म्हणजे गावाला जी काही कमाई करायची ती त्या दोन तासांत, आणि फोटोग्राफरला जे काही मिळवायचं तेही त्याच दोन तासांत. घाई दोन्ही बाजूंना.

काय घडलं

गावात पोचलो तेव्हा आमच्या आधी दोन गाड्या होत्या. उतरल्या उतरल्या बायका-मुलांनी वेढलं, दंडाला हलकेच चिमटे, "फोटो, फोटो", हे अपेक्षित होतं. दहाच्या नोटांची चळत माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होती आणि ज्याने फोटो काढला त्याने आकडा सांगायचा, मी पैसे द्यायचे अशी आमची आपसातली सोय होती. पहिली पंधरा-वीस मिनिटं ही सोय चालली.

आमच्यात बँकेतून रिटायर झालेले एक काका होते. माणूस अतिशय सज्जन, पण त्यांचा कॅमेरा बर्स्ट मोडवर होता, म्हणजे बटण दाबून धरलं की एकामागोमाग एक फोटो निघत जातात. एका तरुण बाईने कडेवर बाळ घेऊन त्यांच्यासमोर उभं राहून फोटो दिला, काकांनी बटण दाबलं आणि तर्र्र करून फोटोंची रांग निघाली. बाईने बोटं दाखवली. चौदा. तिने शटरचे आवाज मोजले होते, बाळाला सावरत, कॅमेऱ्याकडे बघत, चेहरा जराही न हलवता. काकांच्या मते एक फोटो झाला कारण एकदाच बटण दाबलं, तिच्या मते चौदा झाले कारण चौदा आवाज आले. नंतर आम्ही कॅमेऱ्यात बघितलं, चौदाच होते.

मी एकशेचाळीस बिर्र काढतच होते, पण काका म्हणाले थांब, असं दिलंस तर सगळ्यांचा हिशोब असाच लागेल, आणि त्यांनी तेरा फोटो डिलीट करून तिला स्क्रीन दाखवायला सुरुवात केली. त्याने तर ती जास्तच चिडली. तिचं म्हणणं स्थानिक गाईडने नंतर सांगितलं ते असं, की मी उभी राहिले ते काम झालं, तू फोटो ठेव नाहीतर फेकून दे तो तुझा प्रश्न. मला हे शंभर टक्के पटतं. तिने काकांच्या कॅमेऱ्याचा पट्टा धरला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी लक्षात आलं की आमच्यातला एक जण गाडीच्या आडून लांबच्या लेन्सने फोटो काढतोय, न विचारता, न पैसे देता. दोन मिनिटांत आवाज चढले, काठ्या घेतलेले दोन-तीन तरुण पुढे आले, स्काऊट उठून उभा राहिला. कोणी कोणावर हात टाकला नाही हे स्पष्ट सांगते, कारण अशा गोष्टी परत येऊन सांगताना फुगतात.

समोर असलेले पर्याय

गटप्रमुख दादांनी सगळ्यांना गाडीजवळ बोलावलं. पाच-सात मिनिटांची चर्चा झाली असेल, आणि त्यात जे पर्याय आले ते इथे मांडते कारण माझ्या मते हाच खरा निर्णयाचा क्षण होता.

गाईड म्हणाला निघू या, पुढे दुसरं गाव आहे. सोपं होतं. पण पैसे बुडवून निघालो असतो तर त्या बाईचं नुकसान, आमच्यामागे येणाऱ्या गाडीला त्याची झळ, आणि दुसऱ्या गावात आम्ही तेच केलं असतं.

नाशिकच्या डॉक्टरांचं म्हणणं, मागतील तेवढे देऊन टाका, रक्कम किती आहे अशी. खरंय, पण लपून काढलेल्या फोटोंचं काय, ते कोणाकोणाचे होते हे कोणालाच माहीत नव्हतं.

सांगलीच्या एक शिक्षिका ताई होत्या, त्या म्हणाल्या मुळात हे थांबवू या, हे अंदमानसारखं चाललंय. २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला होता तो त्यांच्या डोक्यात होता. त्यांची अस्वस्थता मला समजत होती, पण तुलना पूर्ण लागू पडत नाही असं मला तेव्हाही वाटलं. जारवांच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्यांनी जाणं, त्यांचे फोटो काढणं याला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, बाहेरच्या आजारांपासून त्यांना जपणं हेही त्यामागचं एक कारण. मुर्सींनी इथे स्वतः दर ठरवलेत, स्वतः दारात उभे आहेत, त्यांना हे पैसे हवेत. आपण तोंड फिरवून निघून गेलो तर आपलं मन हलकं होईल, त्यांच्या घरात धान्य येणार नाही. प्रश्न कॅमेरा उचलायचा की नाही याच्यापेक्षा कोणाच्या अटींवर उचलायचा याचा होता.

चौथा पर्याय दादांचा. सगळे कॅमेरे गाडीत, सगळ्यांचे, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांशी बसून नव्याने ठरवायचं. यात धोका असा की उरलेला वेळ त्यातच गेला असता आणि काही जण इतक्या लांबून दोन लाखांच्या वर खर्च करून आले होते.

काय केलं

कॅमेरे गाडीत गेले. आधी त्या बाईला एकशेचाळीस बिर्र दिले, वाद न घालता, बोलणी सुरू करण्याच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा होता. मग लपून काढणाऱ्या गृहस्थांना दादांनी सगळ्यांसमोर विचारलं की किती काढलेस, कॅमेरा उघडून मोजले, जेवढी माणसं ओळखता आली त्यांना त्यांचे पैसे, बाकीच्यांचे गावाच्या वडीलधाऱ्यांकडे. फोटो त्यांच्यासमोरच पुसले.

झाडाखाली बसलो. आमच्या बाजूने दादा, डॉक्टर आणि मी, त्यांच्या बाजूने तीन वयस्क पुरुष, मध्ये दोन गाईड. स्थानिक गाईड स्वतः मुर्सी, जिन्कात शिकलेला. दादांनी प्रस्ताव ठेवला की क्लिक मोजायचे नाहीत, तीन हजार बिर्र एकरकमी गावाला, त्यात तासभर सगळ्यांनी मोकळेपणाने फोटो काढायचे. पुरुषांनी मान डोलावली. आम्हाला वाटलं सुटलो.

बायका काय म्हणाल्या

बाजूला उभ्या असलेल्या बायकांना हे कळलं आणि त्यांनी तिथल्या तिथे विरोध केला, चांगला ठणकावून. क्लिकचे पैसे थेट त्यांच्या मुठीत येतात. एकरकमी पैसे पुरुषांच्या हातात जाणार आणि त्यातलं त्यांच्यापर्यंत किती येईल याची खात्री त्यांना नव्हती. फोटो कोणाचे निघतात? बायकांचे. ओठ कोणाचा ताणलेला? मग पैसे झाडाखाली बसलेल्यांना का!

मला हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो. क्लिक मोजणं आपल्याला ओंगळ वाटतं, एकरकमी देणं शिष्ट वाटतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी हल्ली तेच सुचवलं जातं. पण एकरकमी व्यवस्थेत पैशाची वाट बदलते आणि ती कोणाच्या अंगणातून जाते हे बघायला आपण थांबत नाही. आमच्या बोलणीच्या बैठकीत त्यांच्या बाजूने एकही बाई नव्हती आणि ते कोणाला खटकलं नव्हतं, हे बायकांनी बोलून दाखवेपर्यंत.

मग पुन्हा बोलणी. यावेळी दोन वयस्क बायका बसल्या, त्यातल्या एकीने ठरवून टाकल्यासारखंच सांगितलं. शेवटी जमलं ते असं: गावाला एक हजार बिर्र, ते वडीलधाऱ्यांकडे. याशिवाय प्रत्येक फोटोग्राफरने दोन माणसांबरोबर अर्धा-अर्धा तास बसायचं, माणशी दोनशे बिर्र थेट त्या माणसाच्या हातात, क्लिक कितीही. आणि कोण बसणार ते बायकांनी ठरवायचं, आम्ही बोट दाखवून निवडायचं नाही. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्याकडून आम्ही मातीच्या चकत्या विकत घ्यायच्या, त्या त्या विकायला ठेवतातच. असा हिशोब करून बघितला तर एकरकमी तीन हजारांपेक्षा थोडे जास्तच गेले, तरी क्लिक मोजून जे गेले असते त्यापेक्षा फार फरक नव्हता.

निवड आमच्या हातातून गेली हे दोघांना आवडलं नाही. पण त्यातून काय झालं बघा. माझ्या वाट्याला एक मध्यमवयीन बाई आल्या, शिंगं नाहीत, सुळे नाहीत, हातात लोखंडी कडी आणि समोर दगडी पाट्यावर ज्वारी. त्या दळत होत्या. गुडघ्यावर बसून, सगळं अंग पुढे टाकून वरचा दगड ढकलायचा, मागे घ्यायचा, पीठ कडेला जमलं की हाताच्या कडेने गोळा करायचं. चकती त्यांनी काढून बाजूला ठेवली होती, ओठ मोकळा लोंबत होता, आणि त्यांना त्याची काही पडलेली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी मला दगड ढकलायला दिला आणि माझं बघून हसल्या. फोटो मी फार थोडे काढले. पैसे निघताना दिले, त्यांनी मोजून घेतले.

दुसरा टप्पा: हामेर

तिथून के आफर गावाचा गुरुवारचा बाजार करून हामेरांच्या भागातल्या तुर्मी गावाला गेलो. इथे ग्रुपने आधीच बसून ठरवलं होतं. सगळे कॅमेरे सिंगल शॉटवर. बाजारात न विचारता कोणाचा फोटो नाही. एका घरी आधी बसायचं, कॅमेरा नंतर, आणि पैसे कोणाला द्यायचे ते घरातल्या बाईला विचारून.

त्या घरी भोपळ्याच्या मोठ्या वाटीतून कॉफीच्या सालींचा गरम काढा दिला. घरातल्या म्हाताऱ्याने पहिला घोट फुर्रकन हवेत उडवला, तो आशीर्वाद असतो, आणि मग वाटी फिरली. बाईंच्या केसांच्या बारीक बटा लाल माती आणि लोण्यात माखलेल्या, गळ्यात पहिल्या बायकोचा तो पुढे टोक आलेला जड पट्टा. दारात मुलगा फुटबॉलची जर्सी घालून उभा आणि मागे पाण्याचा पिवळा प्लास्टिक कॅन. काकांनी गाईडला सांगितलं त्याला जर्सी काढायला सांग, कॅनही बाजूला कर. ताई म्हणाल्या का, ती जर्सी त्याचीच आहे ना. काका थोडं थांबले आणि म्हणाले राहू दे. तो फोटो त्यांचा दौऱ्यातला सगळ्यात चांगला आहे असं मी आजही म्हणते.

खरा पेच आला तो बैलांवरून उडी मारण्याच्या सोहळ्याला. हामेर मुलगा वयात आला की ओळीने उभ्या केलेल्या गुरांच्या पाठीवरून धावत जातो, न पडता, आणि मग तो लग्नाला पात्र. पण त्याआधी त्याच्या नात्यातल्या मुली-बायका ज्यांचा असा विधी होऊन गेलाय त्या तरुणांना डिवचून डिवचून स्वतःच्या पाठीवर लवचिक काठ्यांचे फटके मारून घेतात. पाठ फुटते, वळ राहतात, आणि ते वळ म्हणजे त्या मुलाने पुढे आपल्या अडचणीला धावून यायचं याचं देणं. यजमान कुटुंबाला पर्यटकांकडून फी मिळते आणि त्या फीत फोटो धरलेले असतात, म्हणजे परवानगीचा प्रश्न कागदोपत्री सुटलेला. तरी ताज्या जखमेचा क्लोजअप काढायचा का? डॉक्टर म्हणाले काढायचा, हे त्यांच्या अभिमानाचं आहे, आपण आपली कीव त्यांच्यावर लादायची नाही. ताई म्हणाल्या मी काढणार नाही, बघवत नाहीये. मला दोघांचंही बरोबर वाटलं. शेवटी ज्याचं त्याने ठरवावं असं झालं, फक्त एक अट सगळ्यांनी मान्य केली की जखमेचा फोटो काढाल तर त्या बाईचा चेहरा, तिचं नाचणं, शिंग फुंकणं हेही काढा आणि पुढे कुठे दाखवताना एकट्या जखमेचा दाखवू नका.

परत आल्यावर

इथे तिसरा निर्णय होता आणि याच्यावर प्रवासात कोणीच बोललं नव्हतं. परत आल्यावर महिन्याभरात एकाने मुर्सी मुलीचा फोटो स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. मुलगी चौदा-पंधरापेक्षा मोठी नसेल, कमरेच्या वर कपडा नाही. तिथे ते अगदी साधं आहे, गावात कोणाची नजरही वळत नाही. पण तो फोटो इथे मोबाईलवर फिरायला लागला की त्याच्याखाली काय काय लिहिलं जातं ते आपण सगळे जाणतो. दोनशे बिर्र त्या मुलीने घेतले ते समोर बसण्याचे, हजारो अनोळखी माणसांनी तिच्याकडे बघण्याचे नव्हेत. आणि आपल्या घरातल्या त्या वयाच्या मुलीचा असा फोटो आपण लावला असता का, हा ताईंचा प्रश्न होता. तीन-चार संध्याकाळी फोनवर चर्चा झाली, आवाजही चढले. त्याने फोटो पाठवला नाही, पण त्याला ते पटलेलं नाही, तो आजही म्हणतो की वास्तवाला कपडे चढवणं हाही खोटेपणाच आहे.

पुण्यात छोटं प्रदर्शन केलं तेव्हा फोटोंखालच्या ओळी आम्ही एकत्र बसून लिहिल्या. "आदिम", "जगापासून तुटलेले", "शेवटचे" हे शब्द काढले, कारण खांद्यावर ऑटोमॅटिक रायफल, हातात मोबाईल आणि नदीवर सरकारी धरण असलेली माणसं जगापासून तुटलेली कशी? धरणाबद्दल एक स्वतंत्र फलक लावला. सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच्यासमोर उभे राहिले.

प्रिंट्स काढून स्थानिक गाईडच्या जिन्कातल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवल्या. काही महिन्यांनी कळवलं की हामेर घरी पोचल्या आणि मुर्सी गावात दळणाऱ्या बाईंनाही मिळाला. चौदा क्लिकवाली बाई तेव्हा गुरांबरोबर दुसरीकडे गेली होती, तिचा प्रिंट तिच्या बहिणीकडे ठेवलाय.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, टूर कंपनीने फोटोची फी पॅकेजबाहेर ठेवली ती का, हे बुकिंगच्या वेळी विचारायला हवं. बाहेर ठेवली की पॅकेज स्वस्त दिसतं आणि वाद पाहुणा आणि गावकरी यांच्यात होतो, कंपनी मोकळी. फीची पद्धत कोणती, पैसे कोणाच्या हातात, बायकांशी कोण बोलणार, हे लेखी मागा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर दुसरी कंपनी बघा.

दुसरं, त्याच समाजातला गाईड पहिल्या दिवसापासून सोबत हवा आणि जमल्यास बायकांशी बोलायला बाई. आम्हाला मुर्सी गाईड मिळाला तो गावाच्या वाटेवर. त्याच्याशी आदल्या संध्याकाळी जिन्कात तासभर बसलो असतो तर बर्स्ट मोडचा प्रश्न तिथेच निघाला असता, कारण त्याने नंतर सांगितलं की हे भांडण जवळपास रोज होतं.

तिसरं वेळेचं. पाच गावं दोन-दोन तास बघण्यापेक्षा दोन गावं आणि तिथे मुक्काम. परवानगी मिळते, स्थानिक गाईडमार्फत तंबू टाकता येतो, आणि बाकीच्या गाड्या निघून गेल्यावर गाव आपल्या कामाला लागतं ते बघायला मिळतं. आमच्या काही जणांचा यालाही विरोध होता, इतक्या लांब जाऊन कारोंचं कोर्चो गाव आणि त्यांची ती पांढऱ्या रंगात रंगवलेली अंगं सोडायची कशी म्हणून. मी सोडलं असतं.

सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा, जिन्कातच बदलून. मोठी नोट देऊन परत सुटे मागणं हे त्या गर्दीत अशक्य असतं आणि त्यातूनही भांडणं होतात. लहान मुलांना गोळ्या, पेनं वाटू नका, आमच्या समोर दुसऱ्या गाडीतल्या लोकांनी वाटली आणि मोठ्यांनी धाकट्यांना ढकलून घेतली.

आणि आमचे आकडे घेऊन कोणी जाऊ नका. २०२४ च्या जुलैमध्ये इथिओपियाने बिर्रचा दर बाजारावर सोडला आणि तो डॉलरमागे पन्नास-साठवरून शंभरच्या वर गेला, त्यामुळे आमच्या वेळचे दोनशे बिर्र आता दोनशे राहिलेले नाहीत आणि तिथली धान्याची किंमतही तीच नाही. आमच्यातले दोघं पुन्हा जाणार आहेत, त्यांनी मुर्सी गाईडला आधीच विचारलंय की बायका आता अर्ध्या तासाला किती म्हणतात, आणि त्याने सांगितलंय की विचारून कळवतो, पण पुढच्या वेळी ज्वारीच्या भावात बोला.